सात दिवसांची ओळख

१

मालकांचा दिवस पाण्यानं सुरू व्हायचा, पण पिण्याच्या नव्हे. सकाळी उठलं की आधी चष्मा, मग चहाचं आधण, आणि आधणाला उकळी येईपर्यंत हॉलमधल्या टाकीतून दोन मग पाणी काढायचं आणि पिंपातलं दोन मग पाणी टाकीत घालायचं. नळाचं ताजं पाणी चालत नसे. त्यातल्या औषधाचा वास उडून जायला ते दिवसभर पिंपात उघडं ठेवावं लागे. घरात प्यायलाही हेच शिळं पाणी. "आमच्याकडे माणसं आणि मासे एकाच पिंपातलं पितात," असं मालकीणबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, आणि मग पाहुण्यांचे पेले अर्धे भरलेलेच का परत येतात याचं त्यांना नवल वाटायचं.

मालकीणबाईंना जाऊन अकरा महिने झाले होते. चौतीस वर्षं दोघांनी मिळून रंगीत माशांचं दुकान चालवलं. ते दुकान मालकांनी दुसऱ्याच्या हवाली केलं, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे मालकच म्हणत. मालकी उरली होती ती एका टाकीची, आणि टाकीतल्या मंडळींना ती मान्य असल्याचं कधी दिसलं नव्हतं.

मंडळी तीन. एक म्हातारा मोती गुरामी मासा, अंगभर ठिपके आणि चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापकाचा भाव. आणि दोन देवगांडुळं. ज्यानं देवगांडूळ पाहिलेलं नाही त्याला ते सांगणं अवघड. हातभर लांब, अंगठ्याएवढं जाड, शिशाच्या रंगाचं, अंगावर वळ्यांमागून वळ्या. पाय नाहीत, पर नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. मासा नव्हे, साप नव्हे. बेडकाच्या गोतावळ्यातलं, पण बेडकानंही ओळख सांगू नये असं. बहुतेक देवगांडुळं ओल्या मातीत राहतात. ही परदेशातल्या कोमट, गढूळ नद्यांमधली, जन्मभर पाण्यात राहणारी. पाण्यात राहतात खरी, पण श्वास मात्र हवेतला घेतात. दर काही मिनिटांनी लपायला ठेवलेल्या मातीच्या नळीतून सावकाश बाहेर यायचं, नाक पाण्याबाहेर काढायचं, 'फुस्स' करायचं आणि पुन्हा खाली.

चहाचा कप घेऊन टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचं आणि ते 'फुस्स' मोजायचं, ही मालकांची जुनी सवय. एक वर आलं, दुसरं वर आलं, म्हणजे घरात सगळं ठीक. गुरामीही हवा प्यायला वर येई, पण त्याचा आवाज निराळा. 'टुप्'. थेंब पडावा तसा.

त्या सोमवारी मालकांनी मोजलं. फुस्स, एक. फुस्स, दोन. दोघंही खाली जाऊन वाळूवर शेजारी शेजारी निजली, मालकांच्या डोळ्यांदेखत. गुरामी कोपऱ्यात पाठ करून उभा होता.

आणि फुस्स.

चहा थोडा बशीत सांडला, एवढंच. मालकांनी मनाशी म्हटलं, फिल्टरमध्ये हवा अडकली असेल. उठून फिल्टर हलवला. फिल्टर आपला नेहमीसारखा गुरगुरत होता.

२

ती दोघं घरात आली त्यालाही आता नऊ वर्षं झाली. माल पाठवणाऱ्यानं माशांच्या खोक्यात एक जादा पिशवी घातली होती, वर लिहिलेलं 'रबरी वाम'. दुकानात आल्या दिवशीच समोरचा शिंपी ती घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपी दारात, हातात चपलांचं खोकं.

"मालक, वाम कुठं ठेवतात?"

"पाण्यात."

"मग ही माझ्या बायकोच्या चपलेत का सापडली?"

झाकणाला बोटभर फट राहिली की ही मंडळी बाहेर पडतात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंनी खोकं उघडलं, हात ओला करून दोघांना उचललं आणि कुणाला काही न विचारता घरी नेलं. तेव्हापासून टाकीच्या झाकणावर तागडीची चार जुनी लोखंडी वजनं असत.

एकट्यानं कुणी राहू नये असं मालकीणबाईंचं मत. मग या दोघांना सोबत शोधणं सुरू झालं, आणि त्या शोधात बरेच जीव कामी आले. दहा गप्पी सोडले, सकाळी दोन उरले, तेही फिल्टरमागे दडून. बाकीचे तोंडात मावले, मग पोटातही मावले. टायगर बार्ब सोडले तर ते द्वाड यांचीच नाजूक कातडी कुरतडायला लागले. गोल्डफिशला गार पाणी हवं, यांना कोमट. एका खोलीत एकाला पंखा आणि दुसऱ्याला दुलई, तो संसार चार दिवसही टिकेना. शेवटी बाईंनी हिशेब बसवला. सोबती शांत हवा, संथ हवा, यांच्या तोंडात न मावणारा हवा. असा गुरामी सापडला.

पण सापडला म्हणून लगेच सोडायचा नाही. ही बाईंची स्वतःची रीत, आणि पुढं दुकानातली सगळी अवघड जमवाजमव याच रीतीनं झाली. नवा जीव बरणीत ठेवायचा, टाकीशेजारी. रोज एक वाटी टाकीतलं पाणी बरणीत घालायचं आणि एक वाटी बरणीतलं टाकीत. सात दिवस.

"अहो, ह्यांना डोळे नाहीत," त्या म्हणत. "ह्यांच्या लेखी कुणीही म्हणजे त्याचं पाणी. पाणी ओळखीचं झालं की तो परका राहत नाही."

सातव्या दिवशी झाकण काढायचं. वजनं खाली कागदावर ओळीनं मांडायची, धाकटं पुढं. वाटी काचेवर दोनदा वाजवायची, बरणी पाण्यात आडवी धरायची आणि थांबायचं. ढकलायचं नाही. "यायचं त्यानं आपण होऊन यावं."

वाटी पांढरी, चिनी मातीची, कडेला निळी रेघ. दुकानात मालक मागच्या खोलीत असले की बाई त्यांनाही याच वाटीनं बोलवत. टाकीच्या काचेवर टण टण. आतून मालक म्हणत, "आलो." चौतीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल.

आणि मालक गिऱ्हाइकाशी गप्पांत रंगले, एकातून दुसरा किस्सा निघायला लागला, की बाई शेजारी येऊन उभ्या राहत आणि त्यांच्या तळहातावर बोट दाबत. उजव्या हाताची तर्जनी. टाकी चिकटवताना काच निसटून तिचं टोक गेलेलं, उरलेलं बोट बोथट आणि जरासं डावीकडे कललेलं. त्या बोटाचा अर्थ एकच. पुरे आता, चला.

३

मंगळवारी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेचे सर टाकी बघायला आले. येत्या रविवारी लेक गाडी घेऊन येणार होती आणि मालक कायमचे तिच्याकडे राहायला जाणार होते. तिचं घर लहान. बापासाठी जागा केली होती, टाकीसाठी नव्हती. सरांना टाकी हवी होती. मालकांना सर पसंत होते, पण आपण काय देतोय हे त्यांना कळतंय की नाही ते बघायचं होतं.

"सोबतीला दोन एंजल सोडीन म्हणतो," सर म्हणाले. "दिसायला बरे."

"एंजल मोठा झाला की सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतो."

"मग कोळंबी?"

"कोळंबी सोबत नव्हे सर, न्याहारी."

"गोगलगाय तरी?"

"हां. गोगलगाय चालेल. तिला कुठं जायचं नाही, यांना कुठं बघायचं नाही."

सर हसले. मग वहीत लिहून घेऊ लागले. वाळू मऊ, टोकदार दगड नाहीत, पाणी कोमट, बदामाच्या झाडाची दोन वाळकी पानं पाण्यात, म्हणजे पाणी मऊ राहतं. झाकण घट्ट. मालक सांगत गेले आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की हे सगळे शब्द बाईंचे आहेत, आपण नुसते पोचवतोय. मध्येच त्यांचा हात उघडा पडला गुडघ्यावर, तळवा वर. आता कुणी बोट दाबणार नव्हतं.

खिडकीखालच्या कॉटशेजारी तिवईवर मालकांचा पाण्याचा पेला असे. दुपारी ते तिथंच आडवे होत. सरांना ठसका लागला तसा मालकांनी तोच पेला पुढं केला. सरांनी घोट घेतला आणि पेला उजेडात धरला.

"मालक, पाण्याला पाचोळ्यासारखा वास येतोय."

"शिळं असतं. मुरवलेलं."

"रंगही आलाय. फिका चहा असतो तसा."

मालकांनी पेला घेऊन हुंगला. चौतीस वर्षं ज्यानं पाण्यात हात घातले त्याला हा वास सांगावा लागत नाही. बदामाचं पान. टाकीतलं पाणी.

"चुकून टाकीचा मग घेतला असेल," ते म्हणाले, आणि पेला मोरीत रिकामा केला. सर गेल्यावर त्यांना आठवलं, पेला तर जेवणाआधी सरळ पिंपातून भरला होता. मधे एकदा डोळा लागला होता, तेवढंच.

तिवईवर पेल्याशेजारी एक ओलं वर्तुळ होतं. पेल्याच्या बुडापेक्षा मोठं. मालकांनी ते पंच्यानं पुसलं, आणि पुसून झाल्यावर वाटलं, आधी मोजायला हवं होतं.

४

मालक काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. दुकानदाराला ते परवडत नाही. माल कमी भरला तर उंदीर, चोर किंवा आपली विसरभोळी नजर, यापलीकडे तो जात नाही. त्यांनी तपास त्याच पद्धतीनं केला.

बुधवारी पेल्यावर बशी झाकली आणि टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलनं रेघ मारली. दुपारी अर्धा तास झोपून उठले. बशी जागेवर, रेघेला पाणी तंतोतंत. घोट घेतला. पाणी कोमट होतं. वास कालच्यापेक्षा स्पष्ट.

म्हणजे टाकीतून पाणी गेलेलं नाही, मग पेल्यात आलं कुठून? मालकांना बरं वाटलं. जिभेचा दोष. वय झालं की जीभ जुन्या चवी उगाळत बसते. या आनंदात ते संध्याकाळी एक लांब फेरफटका मारून आले, वाटेत बेकरीवाल्याला शिंप्याच्या बायकोच्या चपलेचा किस्सा पुन्हा एकदा ऐकवला, आणि घराच्या जिन्यावर पाचव्या पायरीवर थांबले. वाटीभर पाणी काढून वाटीभर घातलं, तर रेघ हलेलच कशाला?

गुरुवारी त्यांनी तिसऱ्या श्वासाचा निकाल लावायचं ठरवलं. गुरामी म्हातारा झालाय, त्याच्या 'टुप्'चं 'फुस्स' झालं असेल. त्याला जाळीनं अलगद काढून बरणीत ठेवलं आणि बरणी स्वयंपाकघरात नेली. पिल्लू झालं असेल तर? ही जात अंडी बाहेर घालत नाही, जिवंत पिल्लं देते. म्हणून हात घालून सगळी टाकी चाचपली. मातीच्या दोन्ही नळ्या उचलून आरपार पाहिल्या, फिल्टर उघडला, वाळू बोटांनी विंचरली. दोन जीव. तिसरा नाही.

खुर्चीत बसले. सकाळचं ऊन टाकीत तिरपं उतरलं होतं, पाणी मधासारखं दिसत होतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, कसं शहाण्यासारखं निजलेत.

फुस्स. पहिलं देवगांडूळ खाली गेलं. थोड्या वेळानं दुसरं वर आलं. फुस्स. तेही खाली गेलं.

मालकांनी श्वास रोखला. पाण्याच्या पृष्ठभागावर, अगदी पुढच्या काचेजवळ, जिथं काहीच नव्हतं तिथं एक लहानशी वळी उमटली आणि पसरत गेली.

फुस्स.

हा आवाज त्या दोघांच्या आवाजाहून जरा लांब होता. शेवटाला किंचित घरघर. मालकांनी तो ओळखला, पण ओळख मनात पुरती येण्याआधी ते उठले आणि गुरामीला परत सोडायला स्वयंपाकघरात गेले.

५

शुक्रवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, बांधाबांध झाली का?"

"झाली म्हण."

"म्हणजे नाही. तुमच्या 'म्हण' वर मी लहानपणी दोन सहली गमावल्यात." ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला तिथं एकटं ठेवून मला झोप येत नाही. खरं सांगते."

"एकटा कुठं आहे मी?" मालकांच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे?"

"गुरामी आहे की."

"बाबा, तुम्ही येणार आहात ना? मी खोली रंगवून घेतलीय. शब्द फिरवू नका."

"येणार. शब्द दिलाय तुला."

"बरं, आईची वाटी सापडली का? निळ्या रेघेची. मला तेवढीच हवीय."

वाटी सापडली नव्हती. बाई गेल्या त्या दिवसापासून ती घरात नव्हती. मालकांनी सगळी कपाटं शोधली होती. फोन ठेवून ते पुन्हा शोधू म्हणून उठले, आणि उठता उठता पुन्हा बसले. कारण वाटी शेवटची कधी पाहिली ते आठवायला गेलं, की एक आठवडा आठवावा लागत होता, आणि अकरा महिने त्यांनी तो आठवडा आठवला नव्हता.

बाईंच्या छातीचा आजार बळावला होता. उशा लावून कॉटवर बसवावं लागे. कॉट त्यांच्या हट्टापायी खिडकीखालून काढून टाकीला चिकटून लावली होती. टाकीची कामं मालक करत, बाई बघत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "वाटीभर पाणी द्या हो टाकीतलं. बोटं बुडवून बसते. हात विसरतील माझा."

मालकांनी दिलं. पुढं रोज दिलं. वाटी तिवईवर असे, बाई त्यात बोटं सोडून बसत, कधी तीच ओली बोटं कोरड्या ओठांवरून फिरवत. आणि त्यांच्या पेल्यात उरलेलं पाणी? या घरात मुरवलेलं पाणी कुणी मोरीत ओतत नसे. ते टाकीत जाई. मालकांनीच रोज ओतलं. वाटीभर इकडून तिकडं, वाटीभर तिकडून इकडं. दुसऱ्या कुठल्याही घरात ही नुसती आजारपणाची उठाठेव झाली असती.

सातव्या दिवशी दिवेलागणीला मालकांनी पेल्यातलं पाणी ओतायला झाकण काढलं. वजनं खाली ठेवली. तेवढ्यात बाईंना गरम पाणी हवंसं वाटलं, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. आतून त्यांना टण टण ऐकू आलं.

"आलो," ते म्हणाले. पण पाणी अजून तापलं नव्हतं, म्हणून दोन मिनिटं थांबले.

बाहेर आले तेव्हा बाईंचा चेहरा शांत होता. उजवा हात टाकीच्या काठावर. मनगटापर्यंत ओला. आणि दोघं देवगांडुळं, जी नेहमी एकामागून एक वर येत, ती दोघं एकदम वर आलेली होती.

मालकांनी तो हात पुसून कोरडा केला, गादीवर ठेवला, आणि मग लेकीला फोन लावला. ओल्या हाताचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

६

शनिवारी मालकांनी मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. बोटं सहावर थांबली. सातवा दिवस उद्या.

त्या दिवशी ते झोपलेच नाहीत. पेला सांडून टाकला, नळाखाली तोंड लावून प्यायले. दुपारी कॉटवर न जाता स्वयंपाकघरात ताठ बसून राहिले. खुर्ची टणक, डोक्यावर पंखा नाही, झोप येण्याचं कारणच नव्हतं. समोर ओट्यावर चहाचं भांडं. मधे एक क्षण असा आला की हॉलमधल्या घड्याळाचे ठोके पडून गेलेले होते आणि ते त्यांनी ऐकलेच नव्हते. कपात चहा ओतला, दूध, साखर. एक घोट. बदामाचं पान.

त्यांनी कप खाली ठेवला. घाबरले, हे खरंच. सरांकडे जाऊन एक रात्र काढावी, लेकीला आजच बोलवून घ्यावं, असे विचार भराभर आले, आणि सगळे सरळ होते, व्यवहारी होते. चपला घालायला ते दारापर्यंत गेलेही.

दाराशी उभं राहून त्यांनी मागं पाहिलं. संध्याकाळचा उजेड खोलीत होता. दुकानाचं शटर ओढून आल्यावर याच उजेडात दोघं चहा पीत. बाई टाकीसमोरच्या स्टुलावर, हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि तळहातावर ती दोन आंधळी नाकं. "अहो, कसं धरतात बघा. घट्ट नाही, सैल नाही." मालक गिऱ्हाइकाची नक्कल करायचे, बाई पाणी हलू नये म्हणून आवाज न करता हसायच्या. त्यांच्या खांद्यांवरून कळायचं.

लेकीकडे रंगवलेली खोली होती. तिथं हा उजेड नसणार. तो तिसरा आवाजही नसणार, शेवटाला घरघर असलेला. अकरा महिने तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपण काय दिलं नसतं, असं मालकांना वाटून गेलं. आणि सहा दिवस ऐकतोय तर त्याला फिल्टर म्हणतोय, गुरामी म्हणतोय.

चपला त्यांनी परत कपाटात ठेवल्या. पण शब्द लेकीला दिला होता. उद्या अकरा वाजता ती येणार. उद्या अकराच्या आत टाकी सरांच्या घरी गेली की संपलं. सरांना त्यांनी फोन केला, "दहालाच या."

"दहाला जमणार नाही मालक. टेंपोवाला अकराशिवाय मोकळा नाही. लेकीच्या बरोबरीनंच पोचतो. चालेल?"

"चालवून घेऊ," मालक म्हणाले.

७

रविवारी सकाळी मालकांनी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. केस विंचरताना आरशात पाहिलं आणि कुणासाठी विंचरतोय हा प्रश्न मनाशी आला तसा जाऊ दिला. दोन बॅगा दाराशी उभ्या केल्या. त्या दिवशी टाकीतून पाणी काढायचं नाही आणि घालायचंही नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन पिंप तेवढं पालथं केलं.

हॉलमध्ये परत आले, तेव्हा साडेदहा वाजले होते. ऊन टाकीत उतरलं होतं.

झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर चार वजनं ओळीनं, धाकटं पुढं.

मालक बराच वेळ त्या धाकट्या वजनाकडे बघत राहिले. मग सवयीनं त्यांनी विचार केला. मी काढलं असेल. सकाळी, नकळत. नऊ वर्षं काढतोय. हा विचार चांगला होता, त्यात कुठं फट नव्हती. फक्त वर्तमानपत्र आजचं होतं, आणि आजचं त्यांनी अजून दाराबाहेरून उचललं नव्हतं.

टाकीच्या काठावर वाटी होती. पांढरी, निळ्या रेघेची. अकरा महिने कुठं पडून राहिलेल्या वस्तूवर धूळ बसते, पाण्यात पडली तर शेवाळ धरतं. वाटी लख्ख होती. रोजच्या वापरातली असावी तशी.

खाली रस्त्यावर गाडी थांबली. दार लागल्याचा आवाज, लेकीचा आवाज, आणि सरांचं काहीतरी हसत उत्तर. जिन्यावर पावलं चढू लागली. मालकांनी ती ऐकली. त्यांना वाटलं, आता दाराकडे जावं. दार उघडलं की संपलं. लेक आत येईल, खोलीत माणसं होतील, सर पाणी उपसायला लागतील.

त्यांनी उजवी बाही कोपराच्या वर दुमडली. घडी नीट घातली.

हात पाण्यात घातला तेव्हा पाणी कुठं सुरू झालं ते त्यांना कळलंच नाही. ना गार, ना कोमट. हाताला हवेतून हवेतच गेल्यासारखं वाटलं. पाणी सात दिवसांत ओळखीचं झालं होतं. नळीतून पहिलं नाक बाहेर आलं आणि तळहातावर टेकलं. मग दुसरं. घट्ट नाही, सैल नाही. गुरामी कोपऱ्यात गेला आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

दारावरची बेल वाजली. "बाबा."

दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या, हे मालकांना दिसत होतं. तरी डावीकडच्या नळीच्या तोंडाशी वाळू जराशी हलली. तिथून जे आलं ते त्या दोघांएवढंच जाड होतं, पण शिशाच्या रंगाचं नव्हतं. फिकट होतं, फार वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीसारखं. वर वळ्या होत्या. पेरांवर असतात तशा. टोक बोथट. जरासं डावीकडे कललेलं.

मालकांनी डोळे मिटले. बघून खात्री करून घ्यायची त्यांना इच्छा राहिली नाही.

तळहाताच्या बरोब्बर मध्ये ते टेकलं, आणि दाबलं.

"बाबा, दार उघडा ना. आहात का आत?"

काचेवर वाटी वाजली. टण टण.

"आलो," मालक म्हणाले, आणि दाराकडे वळले नाहीत.

बेल पुन्हा वाजली. मग दारावर थाप पडली, मग सरांचा आवाज आला, मग दोघांचा मिळून. मालक मोजत होते. फुस्स, एक. फुस्स, दोन. आणि तिसरा, लांब, शेवटाला किंचित घरघर असलेला.

मग चौथा. छाती मालकांची हलली. आवाज टाकीतून आला.